हजार षटकोन आणि एक तांबडं कुत्रं

पुण्याहून परत आल्यापासून अकोल्यातली माणसं दोनच प्रश्न विचारतात. थंडी होती का, आणि तिथले लोक खरंच तसं बोलतात का. दोन्हींना मी होकार देतो. त्यापलीकडचं सांगायला तोंड उघडत नाही, म्हणून लिहितो आहे.

आधी सामानाबद्दल. प्रवासात माझ्या शर्टाच्या खिशात चष्म्याची एक जुनी पेटी असते. तिच्यात चष्मा नसतो. दोन सुया, पांढऱ्या दोऱ्याचं रीळ, बोटभर कात्री आणि कापडाचे वीसपंचवीस षटकोन असतात. जाड कागदाचा षटकोन कापायचा, त्याहून थोडं मोठं कापड त्यावर ठेवायचं आणि कडा मागे दुमडून कच्चे टाके घालायचे. मग असे षटकोन काठाला काठ लावून बारीक टाक्यांनी जोडायचे. एकाभोवती सहा बसले की फूल होतं, फुलाला फूल लागत गेलं की गोधडी वाढते. मशीन लागत नाही, टेबल लागत नाही. बसमध्ये, बँकेच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर, बसल्या जागी होतं. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. पुस्तकांची नोंद संगणकावर गेली तेव्हा जुनी कार्डं कपाटभर रद्दीत निघाली. माझे कागदी षटकोन सगळे त्या कार्डांचे. कापड भास्करदादाच्या दुकानातलं.

दादा माझा थोरला भाऊ. अकोल्यात त्याचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. पाच वर्षांपूर्वी मी मोटरसायकल चालवत होतो, तो मागे बसला होता, आणि मूर्तिजापूरच्या रस्त्यावर आम्ही पडलो. मला खरचटलं. दादाच्या उजव्या हाताची तीन बोटं तेव्हापासून मिटत नाहीत. कात्री धरता येईना, दुकान बंद झालं. वहिनी आधीच गेलेल्या. तो पुण्याला मुलीकडे, कोथरूडला राहायला गेला आणि दुकानातल्या चिंध्यांचं पोतं माझ्याकडे आलं.

हे शिवणकाम मी तो दवाखान्यात असतानाच शिकलो, शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या बायकोकडून. निवृत्त शिक्षिका होत्या. मला रिकाम्या हातांनी बसलेलं पाहून त्यांनी आपली सुई माझ्या हातात दिली. "हे धरा," म्हणाल्या. "हाताला काम असलं की तोंडाला बोलावं लागत नाही." त्या माझी किती मोठी सोय करत होत्या, हे त्यांना माहीत नव्हतं. कारण पोलिसांना, डॉक्टरांना आणि शुद्धीवर आलेल्या दादाला मी सांगून बसलो होतो, की कुत्रं आडवं आलं.

कुत्रं नव्हतं. मी फोन बघत होतो.

बुधवार, कोथरूड

पाच वर्षांत मी पुण्याला गेलो नव्हतो. दरवेळी काही ना काही कारण काढायचो. यावेळी रेवतीचा, म्हणजे दादाच्या मुलीचा फोन आला. "काका, बाबांनी सोसायटीत युद्ध काढलंय. कुत्र्यांवरून. रविवारच्या सभेत तो विषय आहे आणि त्यांना तुम्ही साक्षीला हवे आहात."

"साक्षीला?"

"कुत्रं कसं आडवं आलं ते तुम्हीच पाहिलंय ना. बाबांना तर काहीच आठवत नाही."

मी रजा टाकली. गाडीत बसल्यावर पहिला षटकोन जोडायला घेतला आणि पुण्यापर्यंत दोन फुलं झाली. समोरच्या आजोबांनी बराच वेळ पाहून विचारलं, "घरी कोणी नाही का हो करायला?" मी नाही म्हणालो.

स्टेशनावर रेवती स्कूटर घेऊन आली होती. मी रिक्षाने येतो म्हणालो. त्या दिवसानंतर मी दुचाकीला हात लावलेला नाही, मागेही बसत नाही. आणि पुणं म्हणजे दुचाकींचं गाव. डोळ्यांखाली सगळा चेहरा ओढणीने बांधलेल्या मुली, पुढ्यात भाजी, मागे आजी, आणि बोटं हॅन्डलवर असताना मान वाकडी करून कानाशी दाबलेला फोन. रिक्षाच्या बाजूने असा एक माणूस गेला तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

सोसायटीच्या जिन्याखाली फळा आहे. त्यावर एक कागद होता: "भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनी ते आपल्या बैठकीच्या खोलीत घालावे. – एक जखमी सभासद." त्याखाली सुंदर वळणदार अक्षरात दुसरा: "जखमी सभासदांनी आमच्या बैठकीच्या खोलीची काळजी करू नये. तिथे त्यांना बोलावलेलं नाही." 

"खालचा दामलेबाईंचा," रेवती म्हणाली. "वरचा कोणाचा ते सांगायला नको."

दादा दारातच उभा होता. केस पार पांढरे झालेत. डाव्या हाताने त्याने माझी पिशवी घेतली. "काऊन रे, इतका वाळला? अकोल्यात जेवण बंद झालं का?" मी पाया पडायला वाकलो आणि नेमका त्याचा उजवा हात माझ्या डोळ्यांसमोर आला. पाठीवर त्याने डावाच ठेवला.

गुरुवार, सदाशिव पेठ

गोधडीला अस्तर हवं होतं आणि दोरा संपत आला होता. दादा म्हणाला, चल, तुला खरं दुकान दाखवतो. सदाशिव पेठेत दोन क्लासेसच्या आणि एका दंतवैद्याच्या पाट्यांच्या मध्ये ते दुकान होतं, जेमतेम दार उघडेल एवढं.

"पांढरा दोरा द्या," मी म्हणालो.

दुकानदारांनी वर पाहिलं नाही. "कुठला पांढरा?"

"साधा."

"साधा पांढरा नसतो. दुधासारखा असतो, दातासारखा असतो, आणि आपला शर्ट आहे तसा असतो. तो आम्ही ठेवत नाही."

दादा खूश झाला. अकोल्यात दुकानदार आधी पाणी देतो, मग गाव विचारतो, मग मावसभावाची ओळख काढतो, आणि शेवटी दोरा देतो. तिथे अर्धा दिवस जातो, पण माणूस आपल्यावर रागावला आहे असं वाटत नाही. इथे चार मिनिटांत काम झालं. मी पेटी उघडून षटकोन दाखवला तेव्हा मात्र त्या माणसाने चष्मा लावला. उलटसुलट पाहिलं, नखाने टाका तपासला.

"हे आपण करता? हाताने?"

"हो."

"टाका चांगला आहे. कापड चुकीचं कापलंय." त्यांनी तुकडा दोन बोटांत ताणला. तो एका बाजूने लांबला. "धागा सरळ धरलेला नाही. शिवणारा चांगला, कापणारा अडाणी."

"आमच्यात कापणारा मी होतो," दादा म्हणाला आणि उजवा हात वर केला. "आता नाही."

दुकानदारांनी हाताकडे पाहिलं. दोऱ्याबरोबर सुयांचं एक पाकीट टाकलं आणि म्हणाले, "असू द्या. राहिलं होतं."

नंतर आम्ही मिसळ खाल्ली. आमच्याकडची मिसळ खाताना नाक पुसावं लागतं. इथल्या मिसळीत पोहे आणि बटाट्याची भाजी निघाली आणि वरून थोडी गोड लागली. दादाला आता हीच आवडते. डाव्या हाताने तो सराईतपणे खात होता, मीच चमचा पाडला.

शुक्रवार, खडकवासला

रेवतीने सुचवलं, बाबांना जरा बाहेर न्या. बसने गेलो. धरण भरलेलं होतं, पाण्यावरून गार वारा येत होता. भिंतीच्या कडेने कणसं, कांदाभजी, पिठलं-भाकरी विकणाऱ्या बायका बसल्या होत्या. अकोल्याला पाण्याचा एवढा मोठा तुकडा एका जागी पाहायला मिळत नाही, मी बराच वेळ नुसता बघत राहिलो. हे सगळं पाणी आपल्या नळाला येतं, असं दादा इतक्या अभिमानाने म्हणाला, जणू नळ त्यानेच बसवला होता.

कठड्यावर बसून मी पेटी उघडली आणि तिथेच चूक केली. वाऱ्याला पाठ करायला हवी होती. दहाबारा षटकोन उडाले. तीनचार पाण्यात गेले, बाकीच्यांच्या मागे आम्ही दोघं धावलो. भजीवाली ओरडली, "अवो काका, पानी खोल हाय! फडक्यापायी जीव देताय व्हय?"

शेवटचा तुकडा एका कुत्र्याच्या पुढ्यात पडला होता. तांबडं, मध्यम, कोणालाही त्रास न देणारं कुत्रं. त्याने तुकडा हुंगला आणि तिथेच बसलं. दादा जागच्या जागी थांबला. मग वाकून त्याने डाव्या हाताने दगड उचलला. फेकला, पण तो भलतीकडेच गेला. कुत्रं उठून निघून गेलं. दादाला धाप लागली होती.

"असंच होतं ना ते?" त्याने विचारलं.

"काय?"

"ते. तांबडंच होतं ना? माझ्या डोळ्यांसमोर तांबडंच येतं. उजव्या कानाला कापलेलं."

त्या वेळी मी पोलिसांनाही रंग सांगितला नव्हता. कोणी विचारला नव्हता. दादाने तो पाच वर्षं बसून स्वतःच भरला होता, कानासकट. मला वाटतं, माणूस खोटं एकदाच बोलतो. पुढची वाढ ते आपली आपण करून घेतं. पण त्या दिवशी मी ते आपोआप वाढू देण्यावरही थांबलो नाही, मी हातभार लावला.

"हो," मी म्हणालो. "तांबडंच होतं."

भजी आली. मी एक खाल्लं, बाकीची दादाने संपवली.

शनिवार, गॅलरीत

सकाळी सातला खाली भांड्यांचा आवाज झाला. गॅलरीतून पाहिलं, तर सत्तरीच्या एक काटक बाई चार कुत्र्यांना दूधभात वाढत होत्या, चौघांना चार वेगळ्या थाळ्यांत. त्याच आवाजाला दादा रोज काठी घेऊन खाली जातो. मी आलो आहे म्हणून तो आज गेला नाही, गॅलरीतूनच ओरडला, "दामलेबाई, उद्या शेवटची पंगत!"

त्यांनी मान वर केली. "भास्करराव, आपणही या. पाचवी थाळी आहे घरात."

नाश्ता झाल्यावर मी पिशवीतून गोधडी काढून पलंगावर पसरली. दादाने तिला हात लावला आणि ती कडकड वाजली. "हे काय? गोधडी आहे की ग्रंथालय?"

कार्डं आतच होती. खरं तर षटकोनाच्या सहाही बाजू जोडल्या गेल्या, की कच्चे टाके उसवून कार्ड काढून घ्यायचं असतं. कापड तोवर आकार धरून ठेवायला शिकलेलं असतं. मी एकही काढलेलं नव्हतं. काढलं आणि सगळं सैल पडलं तर, अशी धास्ती होती. हजारावर षटकोन, प्रत्येकाच्या पोटात कार्ड. अशी गोधडी कोणाला पांघरता येत नाही.

"आण ती सुई," दादा म्हणाला.

आम्ही गॅलरीत बसलो. सुईच्या टोकाने तो डाव्या हाताने कच्चा टाका उचलायचा, मी दोरा ओढून कार्ड काढायचो. हात बसल्यावर त्याचा वेग माझ्याहून जास्त झाला. आणि तो कापडं ओळखू लागला.

"हा जांभळा पाटलांच्या सुनेचा. बाही तीनदा उसवायला लावली. हा बुट्टीचा देशमुखबाईंचा, माप दर वर्षी वाढायचं आणि दर वर्षी म्हणायच्या, भास्करभाऊ, कापड आटलं हो. हा पोपटी... थांब. हा तुझ्या वहिनीचा." तो तुकडा त्याने जरा जास्त वेळ धरला. "तिने कधी घातलाच नाही. इतका भडक कोण घालतं म्हणाली."

मी विचार केला, आता. वाक्य तयार होतं, पाच वर्षं तेच घोळवत होतो. दादा, मला तुला एक सांगायचं आहे. एवढं म्हटलं की पुढचं आपोआप येईल, असं मी ठरवलं होतं.

"दादा," मी म्हणालो.

"तुला एक सांगू?" त्याच वेळी तो म्हणाला. मान खाली, नजर टाक्यावर. "पहिलं वर्ष मी फार वाईट होतो. भिंतीकडे तोंड करून पडायचो. रेवतीला विचार. कोणावर तरी राग धरायला पाहिजे होता, नाहीतर डोकं फुटलं असतं. गाडी तू चालवत होतास. तुझ्यावर धरता आला असता. पण मध्ये ते कुत्रं होतं. बरं झालं होतं ते. नाहीतर आपण दोघं आज असे बसलो नसतो."

मी पुढचं कार्ड काढलं. त्यावर कुठल्याशा पुस्तकाचा क्रमांक होता. तो मी दोनदा वाचला.

"तू काय म्हणत होतास?" दादाने विचारलं.

"काही नाही. चहा ठेवतो."

दिवेलागणीपर्यंत कडेची ओळ सोडून सगळी कार्डं निघाली. गोधडी सैल पडली नाही. मऊ झाली आणि दादाच्या मांडीवरून खाली ओघळली.

रविवार, पार्किंगमध्ये

सभा अकराला होती, अकराला सुरू झाली. हे आमच्याकडे होत नाही. पार्किंगमधल्या गाड्या हलवून प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. तीसएक माणसं होती. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. बोलायला उठण्याआधी त्याने आपला उजवा हात टेबलावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा, तीन बोटं ताठ. मग तो बोलला. चांगलं बोलला. दुकान, कात्री, बत्तीस वर्षांचा धंदा, एका कुत्र्यापायी संपला. या आवारात मुलं सायकली चालवतात. उद्या कोणाच्या मुलाचा हात असा झाला तर जबाबदार कोण?

 दामलेबाई पहिल्या रांगेत होत्या, दादाच्या हाताकडे बघत.

"माझा भाऊ अकोल्याहून आलाय," दादा म्हणाला. "त्याने डोळ्यांनी पाहिलंय. सांग रे."

मी उठलो. माझ्यासमोर दोनच वाटा होत्या आणि दोन्हींमध्ये दादाचं नुकसान होतं. हे मला आता लिहिताना स्पष्ट दिसतं. तिथे मला फक्त तो टेबलावरचा हात दिसत होता.

"कुत्रं नव्हतं," मी म्हणालो.

अध्यक्षांना वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. "म्हणजे, नेमकं त्या जागी नव्हतं?"

"कुठेच नव्हतं. रस्ता मोकळा होता. मी फोन बघत होतो. दादाला मी खोटं सांगितलं. त्याचा यात काही दोष नाही."

 वर कोणाच्या तरी स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. दादाने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने टेबलावरचा हात हळूहळू मागे ओढला, मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताने झाकला. एवढं आवरायला त्याला किती वेळ लागला, ते मी पाहत होतो. पाच वर्षं मी समजत होतो की खरं सांगणं म्हणजे ओझं उतरवणं. उतरवलं खरं, पण ते तीस माणसांसमोर त्याच्या मांडीवर नेऊन ठेवलं.

मागून कोणीतरी हसल्यासारखं केलं. दामलेबाई वळल्या. "हसायला काय झालं, कुलकर्णी? आपण हेल्मेट कुठे विसरता ते सांगू का सभेला?" मग अध्यक्षांना म्हणाल्या, "पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा आहे ना? तो घ्या. गळते आहे."

टाकीचा विषय निघाला. दादा शेवटपर्यंत बसून राहिला. मीही.

घरी आल्यावर रेवतीने दार लावलं आणि माझ्यासमोर उभी राहिली. "काका, हे काल घरात सांगता आलं नसतं? तुम्ही दोघंच होतात दिवसभर."

मी म्हणालो, "आलं असतं."

"मग?"

 ती ताटं घ्यायला आत गेली. 

दादा पलंगाच्या कडेवर बसला होता, गोधडी त्याच्या मागे पसरलेली. मी दारात थांबलो. तो बोलला, पण आवाज चढवला नाही.

"कोणाचा फोन होता?"

हा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. निदान एखादा तातडीचा फोन असता. "कोणाचा नव्हता. मॅच चालू होती. स्कोअर बघत होतो."

त्याने मान हलवली, जणू कोणी त्याला माप सांगत होतं आणि तो ते लक्षात ठेवत होता.

"जिंकलो का आपण?"

"माहीत नाही. नंतर मी कधी पाहिलं नाही."

"बघ."

"दादा—"

"आता बघ. माझ्यासमोर."

मी खिशातून फोन काढला. तारीख आठवावी लागली नाही. बोट चुकत होतं, दोनदा पुन्हा लिहावं लागलं. "जिंकलो होतो," मी म्हणालो. "चार गडी राखून."

"चला," दादा म्हणाला. "कोणाचं तरी भलं झालं."

आतून रेवतीने जेवायला हाक मारली. दादा उठला. पलंगावरच्या गोधडीकडे त्याने पाहिलं, एक कोपरा डाव्या हाताने उचलला, दुसरा उजव्या हाताच्या अंगठ्यात अडकवायचा प्रयत्न केला. तो सुटला. पुन्हा सुटला.

"धर," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

मी समोरचे दोन कोपरे धरले. आम्ही ती ताणली, अर्धी केली, मग मी चार पावलं पुढे गेलो आणि माझ्याकडची कड त्याच्या हातात दिली. त्याने ती घेतली. आणखी एक घडी, आणखी एकदा मी पुढे. गोधडी त्याने कपाटात ठेवली आणि कपाटाचं दार लावलं.

"तुझी गाडी किती वाजता?"

"साडेपाचला."

"मग चारला नीघ," तो म्हणाला. "रविवारी रिक्षा लवकर मिळत नाही."